हिशेबात न बसलेली खरखर

आकाशातील एखाद्या दीर्घिकेकडून किंवा ताऱ्याकडून पृथ्वीवर किती तीव्रतेच्या रेडिओ-लहरी येतात हे मोजण्यासाठी जगभरच्या वेधशाळा जे एकक वापरतात, त्याचे नाव जान्स्की असे आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने १९७३ साली त्याला मान्यता दिली. एकाला एकावर सव्वीस शून्ये असलेल्या संख्येने भागावे, आणि जे उत्तर येईल तेवढे वॅट दर चौरस मीटरला व दर हर्ट्‌झला, अशी त्याची व्याख्या आहे. ज्या गृहस्थांचे नाव या एककाला मिळाले ते कार्ल जान्स्की खगोलशास्त्रज्ञ नव्हते. ते एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतील पगारी अभियंता होते. टेलिफोनमध्ये येणारी खरखर नेमक्या कोणत्या दिशेने येते हे शोधून काढणे एवढेच काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. ते काम त्यांनी चोख केले. आणि ते करीत असताना, कोणी न विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हाती लागले. त्या उत्तरातून एक नवे शास्त्र जन्माला आले. परंतु त्या शास्त्रात स्वतः जान्स्की यांना फार काळ वावरता आले नाही. वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जान्स्की यांचे चरित्र केवळ एका शोधाची कथा म्हणून वाचले जाते. त्यात गैर काही नाही. तथापि त्या चरित्रात अर्थशास्त्राचाही एक प्रश्न दडलेला आहे. ज्या संस्थेने शोधासाठी पैसा दिला तिला सापडलेल्या गोष्टीचा काहीच उपयोग नसेल, तर ती गोष्ट पुढे नेण्याची जबाबदारी कोणाची? १९३३ साली अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते. आज आपल्याकडेही ते सर्वांना पटेल अशा रीतीने दिले गेले आहे असे म्हणता येणार नाही.

प्राध्यापकाच्या घरातील मुलगा

कार्ल गुथे जान्स्की यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी नॉर्मन या गावी झाला. ओक्लाहोमाला त्या वेळी राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. घराण्याचे मूळ बोहेमियातील, म्हणजे चेक. वडील सिरिल जान्स्की हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, आणि आपल्या एका भौतिकीच्या गुरूच्या नावावरून त्यांनी मुलाचे नाव कार्ल गुथे असे ठेवले. पुढे हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला आले. थोरले बंधू धाकटे सिरिल या नावाने ओळखले जात. रेडिओ-प्रक्षेपणाच्या अगदी आरंभीच्या काळात विस्कॉन्सिन विद्यापीठात ज्यांनी प्रक्षेपक उभारले त्यांच्यापैकी ते एक. अशा घरात वाढलेल्या कार्ल यांनी १९२७ साली त्याच विद्यापीठाची भौतिकीची पदवी घेतली, आणखी एक वर्ष अध्ययन केले आणि १९२८ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला.

ही नोकरी हातची जाण्याची वेळ आली होती. विद्यार्थिदशेत बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या या तरुणाला मूत्रपिंडाचा जुना विकार होता, आणि कंपनी अशा उमेदवाराला घेण्यास नाखूष होती. थोरल्या बंधूंची तेथील मंडळींशी ओळख होती. त्यांनी रदबदली केली तेव्हा कार्ल यांची नेमणूक झाली. प्रकृतीला मानवावे म्हणून त्यांना न्यूयॉर्क शहरात न ठेवता न्यू जर्सीतील क्लिफवुड या खेड्यातील केंद्रावर पाठविण्यात आले. दोन वर्षांनी, १९३० मध्ये, ते केंद्र जवळच्याच होल्मडेल येथे हलले. शेतांनी वेढलेली मोकळी, सपाट जागा आणि आसपास विजेच्या यंत्रांचा गोंगाट नाही, असे ते ठिकाण होते. जान्स्की यांच्या आजारपणाने त्यांना ज्या जागी नेऊन ठेवले, ती त्यांच्या कामाला सर्वांत योग्य अशी जागा निघाली.

पंचाहत्तर डॉलरची तीन मिनिटे

जानेवारी १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामध्ये रेडिओ-टेलिफोनची सेवा सुरू झाली होती. समुद्राखालून तारायंत्राच्या केबली गेलेल्या होत्या. परंतु माणसाचा आवाज त्यांतून इतक्या दूर नेता येत नव्हता, म्हणून रेडिओचा आधार घ्यावा लागे. तीन मिनिटांच्या संभाषणाला पंचाहत्तर डॉलर पडत. एवढे पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला पलीकडचे बोलणे खरखरीत बुडालेले ऐकू येऊ लागले, तर तो पुन्हा ती सेवा कशाला घेईल? आरंभी किलोमीटरच्या मापाने मोजाव्या लागणाऱ्या दीर्घलहरी वापरल्या जात होत्या. लवकरच काही दशक मीटर लांबीच्या लघुलहरीही उपयोगात येऊ लागल्या. या लघुलहरींत खरखर कोठून शिरते याचे ज्ञान फारसे कोणाला नव्हते. दिशा कळली, तर त्या दिशेकडे पाठ करून आकाशक, म्हणजे ॲंटेना, उभारता येईल असा कंपनीचा सरळ हिशेब होता. जान्स्की यांचे वरिष्ठ हाराल्ड फ्रीस हे मूळचे डेन्मार्कचे, आणि संवेदनक्षम ग्राही बनविण्यात निष्णात. त्यांनी हे काम जान्स्की यांच्यावर सोपविले.

रेडिओ-लहरीची दिशा ओळखायची कशी? कोकणातल्या एखाद्या पुळणीवर दहा माणसे पाण्याच्या कडेला एका ओळीत डोळे मिटून उभी आहेत अशी कल्पना करावी. लाट सरळ समोरून आली तर दहाही जणांचे पाय एकाच क्षणी भिजतील. ती तिरकी आली तर आधी एका टोकाच्या माणसाचे भिजतील, मग क्रमाने पुढच्यांचे. कोणाचे पाय आधी भिजले आणि दोघांमध्ये किती वेळ गेला एवढे समजले, तर डोळे न उघडताही लाटेची दिशा सांगता येते. एकट्या माणसाला मात्र ती सांगता येणार नाही. आकाशकांच्या ओळीचे तत्त्व हेच. एका ओळीत ठरावीक अंतरावर धातूचे उभे दांडे उभारले आणि ते एकमेकांना जोडले, की समोरून येणारी लहर सर्वांना एकाच वेळी भेटते. प्रत्येकातील विद्युत्-स्पंदने शिखराला शिखर मिळून बेरजेने वाढतात. तिरक्या लहरीचे शिखर एका दांड्यावर येते तेव्हा दुसऱ्यावर तिचा खळगा असतो, आणि बेरीज जवळजवळ शून्यावर येते. ओळ जितकी लांब, तितकी दिशेची निवड अधिक काटेकोर.

जान्स्की यांनी अशी रचना लाकडी सांगाड्यावर पितळी नळ्या बसवून उभी केली. लांबी सुमारे ३० मीटर, उंची सुमारे ६ मीटर. ज्या लहरीसाठी ती होती तिची लांबी १४.६ मीटर, म्हणजे सेकंदाला दोन कोटी पाच लक्ष कंपने. नळ्यांच्या एका पडद्यामागे दुसरा पडदा परावर्तक म्हणून होता, त्यामुळे मागच्या बाजूचा आवाज गाळला जाई. हा सगळा डोलारा फोर्ड कंपनीच्या मॉडेल-टी मोटारीच्या चार चाकांवर बसविला होता, आणि एक विजेची मोटर त्याला दर वीस मिनिटांना एक फेरा घालीत असे. सहकारी थट्टेने त्याला जत्रेतल्या फिरत्या चक्राचे नाव देत. ग्राहीला जोडलेली लेखणी कागदाच्या सरकत्या पट्टीवर अखंड रेषा काढीत राही. १९३१च्या उन्हाळ्यानंतर या नोंदी नियमितपणे हाती येऊ लागल्या.

तिसरा प्रकार

नोंदींची छाननी केल्यावर जान्स्की यांना खरखरीचे तीन प्रकार दिसले. पहिला जवळपासच्या वादळांतील विजांचा, तुटक आणि जोरकस. दुसरा दूरवरच्या वादळांचा, आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारा, काहीसा मंद. हे दोन्ही अपेक्षित होते. तिसरा प्रकार अतिशय क्षीण, परंतु सतत चालणारा होता; कर्णफुलीत तो वाफ सुटल्यासारखा ऐकू येई. त्याचे उगमस्थान कळत नव्हते.

कंपनीच्या दृष्टीने पहिल्या दोन प्रकारांचा अहवाल पुरेसा होता. टेलिफोनला खरा त्रास त्यांचाच. तिसऱ्या प्रकाराची नोंद किरकोळ म्हणून सोडून दिली असती तरी कोणी जाब विचारला नसता. बँकेत किंवा कचेरीत वर्षअखेरीस ताळेबंद जुळविताना काही रुपयांचा फरक राहतो तेव्हा तो उचंती खात्यात टाकून पुढे जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जान्स्की यांनीही तो फरक उचंती खात्यात टाकला खरा, पण ते खाते बंद होऊ दिले नाही. महिन्यामागून महिने ते त्याच क्षीण आवाजाची दिशा आणि वेळ टिपून ठेवीत राहिले.

आरंभी त्यांना सूर्याचा संशय आला, आणि त्याला सबळ कारण होते. १९३१च्या अखेरीस आणि १९३२च्या आरंभी तो आवाज ज्या दिशेने सर्वाधिक येई ती दिशा दिवसभरात सूर्याबरोबरच आकाशात सरकत असे. पुढचे महिने गेले तसा मात्र आवाज सूर्याच्या पुढे पुढे जाऊ लागला. तो रोज सुमारे चार मिनिटे लवकर येई. महिन्याला दोन तास, आणि वर्षाला चोवीस तास, म्हणजे वर्ष पुरे होताच पुन्हा मूळ ठिकाणी. पंचांगाशी परिचय असलेल्या कोणालाही हा हिशेब ओळखीचा वाटेल. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी सूर्याच्या संदर्भात चोवीस तासांत पुरी करते, पण ताऱ्यांच्या संदर्भात ती तेवीस तास छप्पन्न मिनिटांतच पुरी होते. हा नाक्षत्र दिन होय. ए. एम. स्केलेट या प्रयोगशाळेतील खगोलशास्त्र जाणणाऱ्या मित्राने त्याकडे जान्स्की यांचे लक्ष वेधले. आवाजाची जागा सूर्यावर नव्हती, पृथ्वीवर तर नव्हतीच. ती ताऱ्यांमध्ये स्थिर होती. जागा निघाली धनू राशीत, जेथे आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट दिसतो आणि जेथे आपल्या दीर्घिकेचे केंद्र आहे. सूर्य धनुर्मासात त्याच राशीत असतो. पहिल्या हिवाळ्यात दोघांची दिशा एक दिसली ती या योगायोगामुळे.

या कामगिरीतील खरी करामत कोणती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या आकाशकाची दृष्टी काही तीक्ष्ण नव्हती. दोन तरंगलांबींएवढ्या रुंदीची ओळ असल्यामुळे ती पंचवीस-तीस अंशांच्या आतले दोन उगम वेगळे ओळखू शकत नव्हती. आकाशात तेवढ्या रुंदीची एक अख्खी रास सहज मावते. उंचीचा कोन तर तिला थेट कळतच नव्हता. यंत्राचा हा दुबळेपणा जान्स्की यांनी काळाने भरून काढला. एका दिवसाच्या नोंदीने जे सांगता आले नसते ते वर्षभराच्या नोंदींनी सांगितले, कारण पृथ्वीची रोजची फिरकी आणि वार्षिक परिभ्रमण ही दोन्ही त्यांच्या मदतीला आली. निसर्गही अनुकूल होता. १९३३च्या सुमारास सूर्यावरील डागांचे चक्र अगदी मंदावलेले होते. त्यामुळे सूर्याचा गोंगाट नव्हता, आणि रात्री आयनांबर या लहरींना बरेचसे पारदर्शक राही. परंतु अनुकूल काळ सर्वांनाच लाभला होता. त्याचा उपयोग मात्र एकाने केला.

गाजावाजा आणि शांतता

२७ एप्रिल १९३३ रोजी वॉशिंग्टन येथे रेडिओ-शास्त्राच्या एका परिषदेत जान्स्की यांनी आपला निष्कर्ष मांडला. श्रोते थोडे होते आणि प्रतिसाद त्याहून थोडा. ५ मे रोजी मात्र न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली, आणि त्याच महिन्यात एका रेडिओ-जाळ्याने होल्मडेलहून तो आवाज सबंध अमेरिकेला ऐकविला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांचा सविस्तर निबंध रेडिओ-अभियंत्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये आणखी एका निबंधात त्यांनी असे दाखविले की हा आवाज एका बिंदूतून नव्हे, तर आकाशगंगेच्या सबंध पट्ट्यातून येतो आणि केंद्राकडे तो सर्वांत तीव्र असतो.

यानंतर काही घडले नाही. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी आणि छायाचित्रे यांच्या जगात वावरणारे होते. आकाशक, ग्राही, कंप्रता ही भाषा त्यांची नव्हती. अभियंत्यांना ताऱ्यांत रस नव्हता. दोन्ही शास्त्रांच्या सीमेवरची जमीन कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. त्यातच जागतिक मंदीने अमेरिकेला घेरले होते. १९३३ साली तेथील श्रमिकांपैकी सुमारे एकचतुर्थांश बेकार होते. अशा दिवसांत आकाशगंगेसाठी पैसा मागणे वेधशाळांनाही जड जात होते. कंपनीला जे हवे होते ते मिळाले होते: ताऱ्यांकडून येणारा हा आवाज टाळता येणार नाही, ग्राही कितीही उत्तम केला तरी या पातळीखाली खरखर जाणार नाही, हे कळले म्हणजे झाले. जान्स्की यांना दुसरी कामे देण्यात आली. लघुलहरी-ग्राहींतील खरखरीच्या किमान मर्यादेवरचा त्यांचा १९३७चा निबंध त्याच कामातला.

जान्स्की यांच्यावर अन्याय झाला काय, याविषयी पुढे वाद झाला. ३० मीटर व्यासाचा परवलयाकार आकाशक उभारण्याची त्यांची इच्छा कंपनीने नाकारली, असे एका बाजूने सांगितले जाते. उलट, संशोधन पुढे चालविण्याची आस्था त्यांनी कधी आग्रहाने व्यक्त केली नाही आणि खगोलशास्त्रज्ञांनीही त्यांना प्रोत्साहन दिले नाही, असे फ्रीस यांनी १९६५ साली लिहिले. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकेल. प्रकृतीने दुर्बळ, मंदीच्या काळात नोकरी टिकवून असलेला, बायको-मुलांचा संसार सांभाळणारा मनुष्य वरिष्ठांपाशी किती हट्ट धरू शकतो, हे मध्यमवर्गीय वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. येथे कोणी खलनायक शोधू नये. कंपनीच्या हिशेबाच्या वहीत अशा शोधासाठी रकाना नव्हता, आणि ज्यांच्या वहीत तो असायला हवा होता त्यांना शोध झाल्याचे कळलेच नाही.

खरोखर पुढचे पाऊल एका एकट्या माणसाने टाकले. ग्रोट रेबर या तरुण रेडिओ-अभियंत्याने बेल प्रयोगशाळेत जान्स्की यांच्याबरोबर काम करण्यासाठी नोकरी मिळते का पाहिले. ती मिळाली नाही. तेव्हा १९३७ साली इलिनॉय राज्यातील व्हीटन गावी, घराच्या परसात, स्वतःच्या पैशाने त्याने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. पहिले दोन ग्राही अपेशी ठरले, तिसऱ्याला आकाशगंगा सापडली. अनेक वर्षे जगातला एकमेव रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ म्हणजे हा हौशी गृहस्थ होता.

जान्स्की यांची दिशाशोधनाची विद्या पुन्हा उपयोगी पडली ती युद्धात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रेडिओ-दिशाशोधकांवर केलेल्या कामाबद्दल लष्कर व नौदल यांचे प्रशस्तिपत्र त्यांना मिळाले. ताऱ्यांकडे लावलेल्या कानाला जे मिळाले नव्हते ते शत्रूच्या पाणबुडीकडे लावलेल्या कानाला मिळाले. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी १९४२ मध्ये रडार-यंत्रे एकाएकी खरखरीने निकामी झाली तेव्हा जे. एस. हे यांनी दिशांच्या नोंदी जुळविल्या आणि तो आवाज जर्मनांचा नसून सूर्याचा असल्याचे ओळखले. युद्ध संपल्यावर रडारवर काम केलेले तरुण शास्त्रज्ञ युद्धातून उरलेली यंत्रसामग्री घेऊन केंब्रिज, मँचेस्टर आणि सिडनी येथे आकाशाकडे वळले. जान्स्की यांचे शास्त्र उभे राहिले ते अशा रीतीने. ते बहरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १४ फेब्रुवारी १९५० रोजी न्यू जर्सीतील रेड बँक येथे त्यांचे निधन झाले. एका वर्षाने, १९५१ मध्ये, आकाशगंगेतील हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटर लांबीची लहर प्रत्यक्ष पकडण्यात आली. रेडिओ-खगोलशास्त्राला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९७४ साली, मार्टिन राइल आणि अँटनी ह्युइश यांच्या रूपाने. राइल यांचे कार्य दूर दूर ठेवलेल्या आकाशकांच्या नोंदी एकत्र करण्याचे, म्हणजे पुळणीवरच्या त्या ओळीचेच विशाल रूप.

खर्च कोणी करावा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शुद्ध ज्ञान ही वस्तू देवळाच्या दीपमाळेसारखी असते. तेल एकाने घालावे, उजेड सगळ्या गावाने घ्यावा. आणि ज्याने तेल घातले नाही त्याला उजेडातून वगळता येत नाही. म्हणून तेल घालणारा नेहमी कमी मिळतो. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये हा विचार शास्त्रीय स्वरूपात मांडला: मूलभूत संशोधनाचे लाभ ते करणाऱ्या संस्थेच्या पदरात पूर्णपणे पडत नाहीत, तेव्हा बाजारावर सोपविल्यास अशा संशोधनावर समाजाला हितकारक असेल त्याहून कमी खर्च होतो. जान्स्की यांचे उदाहरण त्या सिद्धान्ताला जणू बेतूनच केलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की, बेल कंपनी तर खाजगीच होती, आणि तिनेच जान्स्की यांना नेमले. हे खरे आहे. पण ती साधी खाजगी कंपनी नव्हती. अमेरिकेतील टेलिफोनचा जवळजवळ मक्ता तिच्याकडे होता आणि तिचे दर सरकारी नियंत्रणाखाली होते. प्रयोगशाळेचा खर्च टेलिफोन-धारकांच्या बिलांतून वसूल होई. लक्षावधी ग्राहक आपापल्या बिलातून नकळत एक छोटा कर भरीत होते आणि त्यातून संशोधकांचा पगार निघत होता. स्पर्धेच्या बाजारात रोजच्या नफ्यातोट्याकडे पाहणाऱ्या कंपनीला खरखरीसाठी वर्षानुवर्षे एक माणूस आणि एक शेत राखून ठेवणे परवडले नसते. तीस वर्षांनी त्याच होल्मडेलजवळ आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना दुसरी एक खरखर सापडली. तिला दिशाच नव्हती. ती सर्व दिशांनी आणि सर्व ऋतूंत सारखीच येई. १९६५ साली ती विश्वाच्या उत्पत्तिकाळचा अवशेष म्हणून ओळखली गेली आणि १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या वेळी कंपनीने त्यांना खगोलशास्त्राचे काम करू दिले होते. जान्स्की यांच्या बाबतीत जे राहून गेले त्यातून संस्था काही शिकली असे म्हणता येईल. परंतु १९८४ मध्ये त्या मक्त्याचे विभाजन झाले. मक्तेदारी मोडली हे ग्राहकाच्या हिताचेच झाले. मात्र तिच्याबरोबर संशोधनाचा तो अप्रत्यक्ष करही गेला, आणि त्याची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न सरकारच्या दारात येऊन उभा राहिला.

भारतात तो पहिल्यापासूनच सरकारच्या दारात होता. सिडनीत शिकून आलेल्या गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतर्फे १९६५ मध्ये कल्याणजवळ बत्तीस लहान तबकड्यांची ओळ उभारून सूर्याचे वेध घेतले. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियाने देऊ केलेल्या, वापरून झालेल्या होत्या. १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली आणि १९९०च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महादुर्बीण उभी राहिली. सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या या तबकड्या म्हणजे जान्स्की यांच्या फिरत्या चक्राचीच वंशज मंडळी होत. फरक इतकाच की, लहर कोणत्या तबकडीला आधी आणि कोणत्या तबकडीला नंतर भेटली याचा हिशेब आता संगणक करतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत होत असलेल्या आंतरराष्ट्रीय चौरस किलोमीटर प्रकल्पात भाग घेण्यासाठी भारत सरकारने सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केल्याचे २०२४च्या आरंभी जाहीर झाले. ज्या देशात शाळांची छपरे गळतात तेथे हा खर्च कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला अज्ञानी म्हणून झटकून टाकणे योग्य नाही.

त्या प्रश्नाला एक उत्तर असे की, यातून उपयुक्त तंत्रे निघतात. आकाशकांच्या ओळीतून दिशा काढण्याचे गणित आज रडारला, पाणबुडीच्या शोधाला आणि भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यालाही लागते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण उपयोग अगोदर सांगता येत असेल तर त्यासाठी पैसा घालणारेही भेटतात. अडचण येते ती ज्याचा उपयोग अगोदर सांगता येत नाही अशा कामाची. त्याचा खर्च समाजाने एकत्रितपणे, मोजूनमापून, पण दरवर्षी हात आखडता न घेता केला तरच ते होते. जान्स्की यांना महागडी यंत्रणा लागली नाही. त्यांना एक मोकळे शेत, काही पितळी नळ्या, चार जुनी चाके आणि सलग वर्ष-दोन वर्षांचा निर्वेध वेळ लागला. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे.

शांतता हीदेखील आता विकत घ्यावी लागणारी वस्तू झाली आहे. जान्स्की यांच्या काळी टेलिफोनच्या व्यवसायाला आकाशाच्या आवाजाचा त्रास होत होता. आज आकाशाच्या अभ्यासाला टेलिफोनचा, उपग्रहांचा आणि विजेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचा त्रास होतो. पुणे–नाशिक द्रुतगती रेल्वेमार्गाची आखणी खोडदच्या परिसरातून गेल्यास वेधांना बाधा येईल, हा आक्षेप अलीकडच्या वर्षांत पुढे आला. नारायणगावच्या टोमॅटो पिकविणाऱ्या शेतकऱ्याला आणि जुन्नर-खेडच्या प्रवाशाला रेल्वे हवी, हे न्याय्य आहे. दुर्बिणीला शांतता हवी, हेही न्याय्य आहे. पहिल्या मागणीची किंमत तिकिटांच्या आणि मालवाहतुकीच्या आकड्यांत मांडता येते, दुसरीची येत नाही. म्हणून दुसरीची किंमत शून्य धरली जाण्याचा धोका असतो. मार्ग वळविल्याने वाढणारा खर्च उघडपणे मांडावा आणि तो दुर्बिणीच्या नव्हे, तर सर्व देशाच्या खाती टाकावा, हे त्यावरचे रास्त धोरण होय. शेतकऱ्याने एकट्याने तो का सोसावा?

जान्स्की यांचा तो लाकडी सांगाडा आज नाही. त्याची तंतोतंत प्रतिकृती ग्रीन बँक येथील वेधशाळेत उभी आहे, आणि होल्मडेलच्या मूळ जागी १९९८ साली स्मारक झाले. न्यू मेक्सिकोतील सत्तावीस तबकड्यांच्या महादुर्बिणीला २०१२ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. धनू राशीतील ज्या दिशेकडे त्यांच्या कागदाच्या पट्टीने बोट दाखविले होते, तेथे प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे दाखविणाऱ्या शास्त्रज्ञांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा सगळा सन्मान उशिराचा आहे, आणि तो जान्स्की यांच्या कुठल्याही उपयोगाचा नव्हता. त्यांनी मागे ठेवलेली शिकवण मात्र शाळेतील प्रयोगवहीपासून कचेरीतील खतावणीपर्यंत कोठेही लागू पडते. जो आकडा जुळत नाही तो खोडू नये. त्याच्यासमोर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी.